नवी गियरची सायकल घरी आली, आता पुढे काय?

भाताची मळणी आटोपली, भात खरेदी केंद्रावर गेले आणि हातात चार पैसे आले, की घरातली मुले हळूच विषय काढतात, "यंदा गियरची सायकल घ्यायची ना?" दहावीत गेलेल्या मुलाचे किंवा रोह्याला कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे हे मागणे अवाजवी म्हणता येत नाही. एस.टी. वेळेवर मिळेलच असा भरवसा नाही आणि मोटारसायकल हातात देण्याचे वय झालेले नाही. म्हणून कोलाड, रोहा, माणगाव, पेण या बाजूच्या गावागावांत जाड टायरच्या, पुढे स्प्रिंगचा चिमटा असलेल्या सायकली दिसू लागल्या आहेत. दुकानदार तिला 'एमटीबी' म्हणतो. म्हणजे माउंटन बाइक, डोंगरातली सायकल.

अशा सायकलीला आज आठ-दहा हजार रुपयांपासून पुढे किंमत पडते. एवढ्या पैशात फवारणीचा चांगला बॅटरीपंप येऊन वर पैसे उरतात. आता नवा पंप आणला की आपण काय करतो ते आठवा. नोझल काढून पाहतो, वायसर तपासतो, साधे पाणी भरून अंगणात एकदा फवारून बघतो आणि मगच त्यात औषध घालतो. सायकलीच्या बाबतीत मात्र कोणी असे करीत नाही. मुलगा दुकानातून ती चालवतच घरी येतो, आई हळद-कुंकू लावते, नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकल मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकच्या बाजूने धावू लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नवी सायकल ही तयार सायकल नसते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. कारखान्यातून ती खोक्यात येते. त्या वेळी पुढचे चाक, हँडल, पेडल आणि सीट सुटे असते. ब्रेकच्या आणि गियरच्या तारा नुसत्या अडकवलेल्या असतात. दुकानात जून महिन्याची किंवा दिवाळीची गर्दी असली, तर एखादा नवशिका पोऱ्या अर्ध्या तासात ती जोडून मोकळा होतो. फोनवरून मागवलेली सायकल तर अर्धवट जोडलेल्या स्थितीतच दारात येऊन पडते. बाकीचे काम आपल्यालाच करावे लागते. ते अवघड नाही. सहा बाजूंच्या खाचेत बसणाऱ्या एलन चाव्यांचा एक जुडगा, १५ मिलिमीटरचा चपटा पाना, एक फुल्लीचा स्क्रू-ड्रायव्हर, थोडे ग्रीस आणि दोन संध्याकाळचा वेळ एवढे पुरते.

ही डोंगरी सायकल आली कोठून?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथील काही तरुण १९७०च्या दशकात जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली ट्रकवर लादून डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा, मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि दर फेरीनंतर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या उताराचेच नाव 'रिपॅक' पडले. त्या मंडळींतील ज्यो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवा सांगाडा तयार केला. १९७९ साली गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा काढला. पुढे १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. आपल्या महाराष्ट्रातही हा खेळ रुजला आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदक मिळवले आहे.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की या सायकलीचा जन्मच मुळी उतारावर आणि ब्रेकच्या अडचणीतून झाला. कोलाडचा मुलूख तसाच आहे. महामार्ग आणि कुंडलिकेकाठची खलाटी सोडली, की लगेच वरकस आणि डोंगर. सुतारवाडीवरून विळ्याकडे जाणारा रस्ता घ्या, किंवा कुंडलिकेच्या काठाने भिऱ्याकडे चला, चढ-उतार चुकत नाहीत. विळ्याच्या पुढे तर ताम्हिणी घाटच उभा आहे. खडीवर, लाल मातीवर, गुरांच्या वाटेवर जाड टायर उपयोगी पडतो हे खरे. पण त्याच टायरच्या भरवशावर मुले उतार सोडतात, तेव्हा ब्रेक आणि नटबोल्ट यांच्यावर सारे येऊन ठरते.

आधी माप पाहा

वाढत्या अंगाचा सदरा शिवतात तशी सायकल घेऊ नये. मुलाला सायकलीच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, तळवे जमिनीवर सपाट ठेवून उभे करा. दांडा आणि जांघ यांच्यामध्ये दोन ते तीन इंच मोकळी जागा हवी. ती नसेल तर खड्ड्यात एकाएकी उतरावे लागल्यावर नाजूक जागी मार बसतो. दुकानदार चाकाचे माप सांगतो, २६ इंची, साडेसत्तावीस इंची, २९ इंची. पण खरे माप सांगाड्याचे असते. एकाच चाकात लहान-मोठे सांगाडे मिळतात. आणखी एक गोष्ट विकत घेतानाच पाहावी. रबर रिमला घासून लागणारा ब्रेक असेल तर रिम ॲल्युमिनियमची असावी. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक नुसता घसरतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मागेही स्प्रिंग असलेली सायकल मुलांना फार आवडते. स्वस्त किमतीत ती घेऊ नये असे माझे मत आहे. वजन वाढते, चढावर दम लागतो आणि सांधे लवकर खिळखिळे होतात.

चिमटा, हँडल, पेडल

गेल्या वर्षी कोलाडजवळच्या एका वाडीवर वालाचे पीक पाहायला गेलो होतो. पडवीत आठ महिन्यांची सायकल उभी होती. घरातली मुलगी अकरावीत. ती वळणावर दोनदा पडली होती आणि "पोरीला सायकल नीट येत नाही," असे घरात ठरून गेले होते. भाऊ तीच सायकल घेऊन मैदानात सरळ फेऱ्या मारी, म्हणून त्याला काही कळले नव्हते. सायकलीचा पुढचा चिमटा चक्क उलटा बसवलेला होता. त्यामुळे पुढचे चाक मागे सरकले होते आणि वळताना तिच्या पावलाची चवडी चाकाला अडत होती. चिमटा फिरवून सरळ केला, ब्रेकची तार पुन्हा लावली, तासाभराचे काम. मुलीला बोल लावायचे कारण उरले नाही.

हा दोष कागदावर हास्यास्पद वाटतो, पण घाईत जोडलेल्या सायकलींत तो सापडतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. सायकल बाजूने पाहा. हँडलच्या दांड्याची तिरकी रेघ खाली जमिनीपर्यंत मनाने ओढा. पुढच्या चाकाचा आस त्या रेघेच्या किंचित पुढे असला पाहिजे. चकतीचा ब्रेक असेल, तर पुढची चकती आणि तिला पकडणारा जबडा बसणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे. रबराचा ब्रेक असेल, तर त्याचे दोन हात चिमट्याच्या पुढच्या बाजूस दिसतात.

हँडल चाकाशी काटकोनात आहे ना, हे वरून उभे राहून पाहावे. मग पुढचे चाक आपल्या दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल जोराने वळवून बघा. ते चाकापासून वेगळे फिरले तर बोल्ट ढिला आहे. हँडलची नळी वर ओढता येणारी असेल, तर तिच्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. ती खूण कधीही बाहेर दिसता कामा नये. सीटच्या नळीवरही अशीच खूण असते. तिच्या वर नळी काढली तर ती आत पुरेशी धरली जात नाही आणि एखाद्या खड्ड्यात वाकते किंवा मोडते. आता पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या मुळाशी 'टक्-टक्' लागत असेल, तर तेथील छऱ्यांचा कप ढिला आहे. तो आवळावा, पण इतका नको, की हँडल जड फिरेल.

पेडलच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे शेकडो रुपये वाचतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. प्रत्येक पेडलच्या आसावर 'एल' किंवा 'आर' हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. एल डावे, आर उजवे. डावे आणि उजवे म्हणजे सायकलीवर बसणाऱ्याचे, समोर उभे राहून पाहणाऱ्याचे नव्हे. आट्यांना ग्रीस लावून सुरुवातीचे चार फेरे हातानेच द्यावे. पाना वरच्या बाजूने पुढच्या चाकाच्या दिशेने फिरला की दोन्ही पेडल आवळतात. हाताने फिरत नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नका, ते पेडल चुकीच्या बाजूला आहे. ॲल्युमिनियमच्या दांड्यातले आटे एकदा गेले की दांडा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पेडल ढिले ठेवून चालवले तरी आटे असेच जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात ते दोनदा आवळून पाहावे.

चाकाला नटाऐवजी झटपट उघडणारी खिट्टी असेल, तर ती नट आवळल्यासारखी गोल गोल फिरवून घट्ट करायची नसते. ती दरवाजाच्या कडीसारखी मिटायची असते. अर्ध्या वाटेवर ती जड लागली पाहिजे आणि पूर्ण मिटताना तळहातावर वळ उमटला पाहिजे. सहज मिटली तर समोरचा नट थोडा आवळून पुन्हा मिटा.

सीट कोणाच्या मापाची?

आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची सवय आहे. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे निर्धास्त वाटते. शिकणाऱ्या लहान मुलाला ते ठीक आहे. रोज आठ-दहा किलोमीटर जाणाऱ्याने तसे केले तर गुडघे दुखू लागतात आणि चढावर जोर लागत नाही. माप असे घ्यावे. भिंतीला टेकून सीटवर बसा, चप्पल-बूट नेहमीचेच असू द्या. पेडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. प्रत्यक्ष चालवताना आपण चवडा ठेवतो, टाच नव्हे. त्यामुळे गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीटची पाठ जमिनीशी समांतर असावी. नाक वर असेल तर अवघड जागी दुखते, खाली असेल तर सगळा भार मनगटांवर येतो.

एकाच सायकलीवर दोघे भावंडे जात असतील, तर सीटच्या नळीवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्यांनी दोघांची मापे कायमची खुणावून ठेवा. मुलगी सकाळी निघते तेव्हा सीट भावाच्या मापावर असते आणि घाईत ती तशीच निघते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

ब्रेक

सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा. रबराचा ब्रेक असेल तर चाक फिरवत रबराकडे पाहा. ब्रेक दाबल्यावर रबर पूर्णपणे रिमवरच बसले पाहिजे. टायरला लागत असेल तर थोड्या दिवसांत टायर कापला जाईल आणि भर उतारावर फुटेल. रिमच्या खाली घसरत असेल तर रबर आऱ्यांत घुसेल. दोन्ही बाजूंना रिम आणि रबर यांत एक ते दोन मिलिमीटर अंतर असावे. एकच बाजू घासत असेल, तर ब्रेकच्या हातावर खाली बारीक स्क्रू असतो. ज्या बाजूचे रबर घासते त्या बाजूचा स्क्रू थोडा आत फिरवला की ते रिमपासून दूर सरते. ब्रेक लावताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर रबराचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा केसभर आधी टेकेल असे बसवावे.

हँडलवरची दांडी पूर्ण दाबली आणि ती मुठीला टेकली, तर तो ब्रेक नाही असेच समजा. अर्ध्या वाटेवर चाक धरले गेले पाहिजे. थोडी कसर असेल तर दांडीच्या मुळाशी असलेली गोल चुडी बाहेर फिरवून ती भरून काढता येते. जास्त असेल तर तारेचा बोल्ट सैल करून तार ओढून घ्यावी. नंतर सायकल उभी ठेवून दोन्ही ब्रेक अंगातले सगळे बळ लावून दहा-वीस वेळा दाबा. तार निसटायची असेल तर ती अंगणातच निसटू द्या.

चकतीचा ब्रेक पावसाळ्यात चांगला, कारण रिम चिखलाने भरली तरी तो काम देतो. मात्र त्याचे दोन नियम आहेत. चकतीला तेलाचा हात लागू देऊ नये. साखळीला तेल देताना एक थेंब उडाला तरी ब्रेक निकामी होतो. तसे झाल्यास चकती स्वच्छ फडक्याने व स्पिरिटने पुसावी. दुसरे म्हणजे नवी चकती पहिल्या दिवशी नीट धरत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक न अडकवता हळूहळू ब्रेक लावत वेग कमी करायचा, असे वीस वेळा केले की तिची पकड येते. हे न करता पोर थेट घाट उतरायला गेले तर ब्रेक लागतच नाही असे वाटून ते घाबरते. उतार संपल्यावर चकतीला बोट लावू नये, चांगला चटका बसतो.

आता कोणत्या हाताला कोणता ब्रेक? आपल्या जुन्या सायकलींत बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असे. नव्या सायकलींत काहींना उजवीकडे पुढचा, तर काहींना डावीकडे पुढचा ब्रेक असतो. घरात दोन सायकली असतील आणि त्यांची रचना उलटसुलट असेल, तर संकटाच्या क्षणी हात सवयीने चुकीची दांडी दाबतो. दोन्ही सायकलींच्या तारा एकसारख्या करून घ्या, मिस्त्री हे सहज करून देतो. ब्रेक लावला की अंगाचा भार पुढे जातो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. तो घातक असतो या समजुतीने कित्येक मुले त्याला हातच लावत नाहीत. दोन्ही एकत्र, हळूहळू दाबावेत. उतारावर बूड सीटच्या मागच्या अंगाला सरकवावे. खडीवर किंवा शेवाळलेल्या मोरीवर हँडल वळवलेले असताना मात्र पुढचा ब्रेक जोराने दाबू नये, चाक बाजूला सटकते.

गियर म्हणजे ट्रॅक्टरचाच हिशेब

ज्याने पॉवर टिलर चालवला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. समजा, पुढे ४२ दात्यांचे चक्र आणि मागे १४ दात्यांचे आहे. पेडलचा एक फेरा दिला की मागचे चाक तीन वेळा फिरते. २६ इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सहा मीटर अंतर गेले. सपाट रस्त्यावर हे ठीक. आता पुढे २४ दाते आणि मागे २८ दाते घ्या. एका फेऱ्यात चाक पूर्ण एकदाही फिरत नाही, पावणेदोन मीटरच पुढे जाते. पण पाय हलका पडतो आणि दप्तरासह चढ चढता येतो. चिखलणीला आपण टिलर पळवत नाही, तसाच चढावर मोठा गियर ओढू नये.

डाव्या हाताचा खटका पुढच्या चक्रांचा, उजव्या हाताचा मागच्या. गियर पेडल फिरत असतानाच बदलतात आणि तेही चढ लागण्याच्या आधी. चढाच्या मध्यावर उभे राहून, जोर लावून खटका ओढला की साखळी कडकड करते, कधी तुटते. पुढचे मोठे आणि मागचेही सर्वांत मोठे चक्र, किंवा पुढचे लहान आणि मागचेही लहान, अशा जोड्या टाळाव्यात. साखळी तिरकी पडून झिजते. दुकानदार २१ गियर सांगतो. त्यांतले कामाचे दहा-बाराच असतात, बाकीचे एकमेकांसारखेच पडतात. जाहिरातीतला आकडा पाहून जास्त पैसे देऊ नयेत.

गियर लावण्याचे काम असे आहे. मागच्या यंत्रावर दोन बारीक स्क्रू असतात. त्यांच्यापाशी 'एच' आणि 'एल' अक्षरे असतात. एच हा सर्वांत लहान चक्राकडची हद्द ठरवतो, एल हा सर्वांत मोठ्या चक्राकडची. शेताच्या बांधासारखेच हे आहे. साखळीने त्यापलीकडे जाऊ नये. दोन्हींपैकी एलची हद्द अधिक महत्त्वाची. ती चुकली तर साखळी मोठ्या चक्रावरून उडून आऱ्यांत पडते, चाक जागीच अडकते आणि आरे तुटतात. हे काम मागचे चाक उचलून धरून, पेडल हाताने फिरवत करावे. साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर आली, की यंत्र बोटाने आणखी आत ढकलून बघा. ते आऱ्यांकडे सरकत असेल तर एलचा स्क्रू आत फिरवा.

मग मधल्या गियरांकडे वळा. साखळी सर्वांत लहान चक्रावर ठेवून उजवा खटका एकदा दाबा. ती लगेच दुसऱ्या चक्रावर गेली पाहिजे. जात नसेल किंवा रेंगाळत असेल, तर तार ढिली आहे. यंत्रात जेथे तार शिरते तेथील गोल चुडी मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा पाहा. दुसरे चक्र ओलांडून तिसऱ्यावर उडी मारीत असेल तर चुडी काट्यांच्या दिशेने फिरवा. एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त नको. नोझलची धार लावताना जसा धीर धरतो तसा येथे धरावा लागतो.

हवा आणि पुढची स्प्रिंग

या सायकलींच्या ट्यूबला बहुधा मोटारसायकलच्या जातीचा व्हॉल्व असतो. घरातला जुना हातपंप बसत नाही, म्हणून तसा पंप आधीच घ्यावा. टायरच्या कडेवर कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नये. साठ किलोच्या माणसाला डांबरी रस्त्यासाठी ४० पौंडांच्या आसपास आणि माती-खडीसाठी ३० ते ३५ पौंड हवा पुरते. पेट्रोल पंपावरच्या हवेने सायकलची ट्यूब एका क्षणात फुटू शकते, तेव्हा तिकडे जपून.

पुढच्या स्प्रिंगवर फिरवायचे बटण असेल, तर चकचकीत नळीला एक रबर बांधून ते खाली सरकवा, मुलाला सावकाश बसवून उतरवा आणि रबर किती सरकले ते मोजा. स्प्रिंगच्या एकूण चालीच्या पाव भाग सरकले तर बरोबर. ६० मिलिमीटर चाल असेल तर १५ मिलिमीटर. जास्त सरकले तर स्प्रिंग कडक करा.

मडगार्ड, स्टँड, घंटी आणि मागचा लाल दिवा पुष्कळदा सायकलीबरोबर येत नाहीत. ते घेतल्याशिवाय पैशांचा हिशेब बंद करू नका. महामार्गावरून संध्याकाळी परतणाऱ्या मुलाला मागचा दिवा आणि डोक्यावरचे हेल्मेट आधी, हँडलवरची शोभेची टोके नंतर. मागे कॅरिअर लावून दुधाचे कॅन लादायचे असतील तर साधी काळी सायकलच बरी. डोंगरी सायकलीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा त्या कामासाठी केलेला नाही. कॅरिअर बसवण्यासाठी त्याला घरी भोकही पाडू नये.

एक महिन्यानंतर

नव्या तारा पहिल्या काही दिवसांत आपल्या नळ्यांत नीट बसतात आणि ढिल्या पडतात. गियर पुन्हा अडखळू लागतात, ब्रेकची दांडी जवळ येते. हा दोष नव्हे, ते व्हायचेच असते. महिन्याने किंवा शे-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर वर सांगितलेली सगळी तपासणी पुन्हा एकदा करावी. दुकानदाराने पहिली सर्व्हिस फुकट कबूल केली असेल तर ती सोडू नका. आरेही याच काळात ढिले पडतात. चाकाच्या दोन-दोन आऱ्यांना चिमटीत दाबून पाहा, एखादी जोडी लुळी लागली तर चाक लवकरच डुलू लागेल. हे काम मात्र नाक्यावरच्या जुन्या मिस्त्रीकडे न्यावे. रिम सरळ करण्याची त्याच्या बोटांतली कला पुस्तकात वाचून येत नाही. गियरची सायकल पाहून तो बिचकला तर चाक काढून तेवढेच त्याच्याकडे द्या.

साखळीला तेल देताना आधी ती रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडी करावी. मग आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एक-एक थेंब तेल सोडावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. पुष्कळ घरांत खोबरेल वापरतात. थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीत ते गोठलेले आपण पाहतोच, साखळीतही ते तसेच थिजते. मोटारीचे काळे जळके तेलही नको, त्याला लाल माती चिकटून कानशीसारखी घासते. चिखलणीच्या दिवसांत सायकल धुवायची तर तांब्याने पाणी ओतून, फडक्याने धुवा. पंपाच्या पाइपची जोरदार धार तुंब्यावर किंवा पेडलच्या मुळाशी मारू नये. आतले ग्रीस वाहून जाते आणि छऱ्यांना गंज चढतो. गणपती उठल्यावर एकदा मिस्त्रीकडून दोन्ही तुंबे उघडून ग्रीस बदलून घ्यावे. परीक्षेनंतर सुटीत सायकल पडून राहणार असेल, तर ती पडवीच्या आढ्याला टांगा, किंवा निदान पंधरा दिवसांनी हवा भरून चाके थोडी फिरवून ठेवा. हवा नसलेल्या टायरवर उभी राहिली तर रबर एकाच जागी दबून चिरते.